अस्लम परकार यांच्या शुभहस्ते

आपले वडील चार वर्षांपूर्वी समुद्रात बुडून मेले, ही बातमी नबीलाला मंगळवारी संध्याकाळी कळली. त्या वेळी वडील परसात विहिरीचा पंप खोलून बसले होते आणि ओरडत होते, "नबीला, तेरा नंबरचा पाना दे गो!"

तिने पाना नेऊन दिला, परत येऊन बसली आणि तो परिच्छेद पुन्हा वाचला. नाव तेच होतं. अस्लम परकार, गाव केळशी.

मासिक इंग्लंडहून आलं होतं. तिथल्या एका विद्यापीठात दर उन्हाळ्यात पाच आठवड्यांचा वर्ग भरतो, इंग्रजी साहित्याचा आणि पत्रकारितेचा. सकाळी कादंबऱ्या वाचायच्या, दुपारी वार्तांकन शिकायचं आणि शेवटी आपल्या गावावर एक लेख लिहायचा. यंदा केळशीच्या बागायतदाराचा मुलगा स्वरूप गेला होता आणि त्याच्या लेखाला पहिलं बक्षीस मिळून तो या मासिकात छापून आला होता. परत आल्यावर त्याने अंकाची एक प्रत सही करून गावच्या वाचनालयाला भेट दिली. छापील मजकूर कुणाच्या नजरेस पडू नये, अशी यापेक्षा सुरक्षित जागा गावात नव्हती.

गावाने लगेच सत्कार ठरवला. लेख कुणी वाचला नव्हता, पण सत्काराला वाचण्याची अट नसते. वाचनालयाचे अध्यक्ष आप्पा, निवृत्त पोस्टमास्तर, यांनाच तेवढं वाटलं की लेख मराठीत करून लोकांना ऐकवावा. इंग्रजी नीट येणारी आणि चहावर काम करणारी एकच व्यक्ती त्यांना आठवली. त्यांनी अंक नबीलाच्या हातात दिला.

नबीला रसायनशास्त्राची पदवीधर. गावातल्या अकरा विहिरींचं पाणी वर्षभर दर पंधरवड्याला तपासून, कोणती विहीर कधी आणि किती खारट होते, यावर तिने लेख लिहिला होता. तो घेऊन पुढच्या उन्हाळ्यात तिलाही त्या वर्गाला जायचं होतं. माहिती गोळा करणं तिला येत होतं. ती लोकांना कळेल अशी मांडायची कशी, हे शिकायचं होतं. अर्जाला एकच अडचण होती. आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचं शिफारसपत्र हवं. म्हणजे स्वरूपचं.

तिने पेन्सिल घेतली. साडेतीन पानांत एकोणीस चुका निघाल्या. वडिलांचा मृत्यू तिने एकच चूक धरली होती.

बुधवारी ती स्वरूपकडे गेली. तो पडवीत बसला होता. ऑगस्टातल्या त्या चिकचिकाटात त्याच्या गळ्यात लोकरीचा मफलर होता.

"स्वरूप, माझे अब्बा जिवंत आहेत."

"माहितीये गं. परवाच बाजारात भेटले. तब्येत झकास आहे चाचांची."

"मग मारलंस कशाला?"

स्वरूपने वर्गात शिकल्यासारखा एक सुस्कारा सोडला. "तिसऱ्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, लेख छान आहे, पण यात कुणी काही गमावतच नाही. उद्या सकाळपर्यंत बदलून दे. आता एवढ्या घाईत मी कुणाला शोधणार? चाचा समुद्रावरच असतात, म्हणून त्यांचं नाव सुचलं."

"ते मालवाहू जहाजावर फिटर आहेत. होडीत बसले की त्यांना उलटी होते."

"ते तिकडे कोणाला कळतंय? हे बघ, फॅक्ट वेगळी आणि ट्रुथ वेगळं. हेच तर शिकवतात तिथे."

"सूर्य समुद्रातून वर आला, हे या दोन्हींपैकी काय?"

"असं कुठे लिहिलंय?"

"पहिल्याच ओळीत. केळशीचा समुद्र पश्चिमेला आहे, स्वरूप. बावीस वर्षं राहतोयस तू इथे."

स्वरूपने मफलरखाली मान खाजवली. "मला सकाळ पाहिजे होती," तो म्हणाला.

नबीलाला त्याचा राग आला नाही. राग यायला समोर काहीतरी घट्ट लागतं. मासेमारीबंदीत होड्या दरवर्षी वर ओढून झाकून ठेवतात. या गृहस्थाने लेखात त्या काळ्या प्लास्टिकखाली गावाचं सुतक पाहिलं होतं. ते पाहायलाही तो किनाऱ्यावर गेला नसणार. आंब्याच्या गाडीतून जाताना दिसलं असेल तेवढंच.

"भाषांतरात नाव गाळ ना," स्वरूपचा आवाज खाली आला. "'एक मच्छीमार' म्हण, झालं. आणि तुझं शिफारसपत्र मी रविवारी कार्यक्रमाच्या आधी देतो. एकदम कडक लिहितो."

नबीला हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. घरी येऊन तिने दोन भाषांतरं केली, एक जसंच्या तसं आणि एक नाव गाळून. दुसरं तिने पिशवीत वर ठेवलं.

गुरुवारी आप्पा घरी आले आणि त्यांनी आणखी एक घोळ घातला. "अस्लम, सत्कार तुझ्या हस्ते," ते म्हणाले. "विलायत पाहिलेला गावात दुसरा आहे कोण?"

अस्लमने पाहिलेली विलायत म्हणजे एक बंदर, सहा तास, नऊ क्रेन आणि उपाहारगृहातला बेचव चहा. पण तो फुलला. नबीलाची आई नसीमा हिने त्याचा पांढरा सदरा धुऊन कडक इस्त्री केला. तीन दिवस तो पंपाशी बसून भाषण पाठ करत होता: "आपल्या गावाचं नाव सातासमुद्रापार नेणारा..." मध्येच थांबून विचारायचा, "सातासमुद्रापार बरोबर ना गो? सात लागत नाहीत तिकडे जायला."

"बरोबर आहे, अब्बा," नबीला म्हणायची आणि पाना पुढे करायची.

रविवारी वाचनालयाचं सभागृह भरलं. सत्कारमूर्ती नबीलाला जिन्याखाली भेटली, तिच्या हातात पाकीट कोंबलं आणि घाईने वर गेली. सत्कार कुणाच्या हस्ते आहे, हे स्वरूपला व्यासपीठावर चढल्यावर कळलं. अस्लमचाचा शाल घेऊन शेजारच्याच खुर्चीत बसले होते. मफलर असूनही त्याला हुडहुडी भरली.

नबीलाने जिन्याखालीच पाकीट उघडलं. वाचल्याशिवाय ती साधी पावतीही घेत नसे. पत्र खरंच कडक होतं. "माझ्या बक्षीसपात्र लेखातली मुलगी ती हीच. वडिलांना समुद्राने नेल्यापासून नबीला परकार गावातल्या विहिरींचं खारट पाणी मोजते आहे. जणू ती त्यांनाच शोधते आहे."

वर्षभराच्या दोनशे शहाऐंशी नमुन्यांचं याने हे केलं होतं.

ती जिन्याच्या पायरीवर टेकली. पत्र जोडलं तर जागा मिळेल, यात शंका नव्हती; असलं काही वाचून तिथले लोक विरघळतात, हे सिद्धच झालं होतं. फक्त अब्बा मेलेले हवेत. अर्जात मेलेले, मुलाखतीत मेलेले, पाच आठवडे जेवणाच्या टेबलावर कुणी विचारलं की पुन्हा मेलेले.

वरून आप्पांनी तिचं नाव पुकारलं. तिने पिशवीतून खालचं भाषांतर काढलं.

प्रयोगशाळेत आकडा जसा येतो तसा लिहायचा असतो. तिने तसंच वाचलं, आवाज न चढवता. पहिल्या ओळीत सूर्य समुद्रातून वर आला, तशा पुढच्या रांगेतल्या यमुनाबाई, चाळीस वर्षं किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या, मोठ्याने म्हणाल्या, "अगो बाय! म्हणजे इतकी वर्सं आमी उलटी तोंडं करून बसलो व्हतो?"

लोक हसले. स्वरूपही हसला, नाव गाळलेलं असणार या भरवशावर.

"'चार वर्षांपूर्वी याच लाटांनी अस्लम परकार यांना गिळलं,'" नबीलाने वाचलं. "'त्यांची पत्नी नसीमा पांढऱ्या कपड्यांत रोज किनाऱ्यावर येते. त्या दिवसापासून ती एक शब्दही बोललेली नाही.'"

दुसऱ्या रांगेत हिरव्या साडीतली नसीमा उठली. धक्क्यावरून हाक मारली तर बाजारात ऐकू जाईल, असा तिचा आवाज. "चार वर्षं बोलली नाय? मी?"

यमुनाबाईंनी पदर तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही. सगळं सभागृह फुटलं. आप्पा अंकाची पानं उलटून बघत होते, जणू तिथे काही दुरुस्ती सापडेल.

अस्लम उठला. पाठ केलेलं भाषण त्याने केलं नाही. स्वरूपच्या खांद्यावर शाल टाकली, नीट सारखी केली आणि नारळ पुढे धरला.

"माझ्या जियारतीचं जेवण घातलंस का रे, बाबा?" त्याने विचारलं. "मेल्यावर माणूस लोकांना जेवायला घालतो आमच्यात. तू तर एकट्यानेच खाल्लंस." मग नारळ त्याच्या हातात दाबला. "घे, घे. मेलेल्याच्या हातचा नारळ सगळ्यांना मिळत नाही."

टाळ्या पडल्या. स्वरूपने सवयीने मान झुकवून त्या घेतल्या. तालुक्याच्या पेपरचा बातमीदार कार्यक्रमाआधीच फोटो काढून गेला होता; सोमवारी पेपरात छापून आलं, "लेख ऐकून श्रोते हेलावले."

घरी जाताना नसीमा यमुनाबाईंबरोबर पुढे होती, अजून बोलत होती. अस्लम मागे नबीलाजवळ चालत होता.

"तुला कधी कळलं गो?"

"मंगळवारी."

त्याने बोटांवर मोजलं. मंगळवार ते रविवार. इस्त्रीचा सदरा, सातासमुद्रापारचं भाषण.

"तरी मला वर बसवलंस," तो म्हणाला.

तिच्याकडे उत्तर होतं, अर्जाचं आणि पत्राचं. ते जिभेवर आलं तेव्हा तिला त्यात स्वरूपचाच आवाज ऐकू आला.

त्या संध्याकाळी तिने अर्ज भरला. विहिरींचा लेख जोडला. शिफारसपत्राची जागा रिकामी सोडली, आणि वडिलांच्या व्यवसायासमोर लिहिलं: जहाजावर फिटर. रिकाम्या जागेचा अर्ज तिथे कुणी उघडणारही नाही, हे तिला माहीत होतं.

परसात पंप पुन्हा खोलला गेला होता. ती खिडकीशी हाकेची वाट पाहत थांबली. अस्लमने इकडेतिकडे चाचपलं, मान वर केली, घराकडे एकदा बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि तेरा नंबरचा पाना आत येऊन स्वतःच घेऊन गेला.