मधल्या दाराचा जकात नाका

"सर, तिथल्या लोकांना कुणी विचारलं होतं का?"

प्रश्न मी विचारला, पण तो मुळात सना आणि क्षितिजाचा. मागच्या बाकावरून दोघींनी पैज लावली होती, विचारून दाखव, शावर्मा आमच्याकडून. मागच्या वर्षीची मी असते तर पाणी प्यायच्या निमित्ताने वर्गाबाहेर सटकले असते. या वर्षीची मी उभी राहिले. नागरिकशास्त्राचे अरुणकुमार सर शिकवत होते की एखादा नवा प्रदेश देशात आला की जकातीचे, कराचे जुने कायदे एका आदेशात तिकडेही लागू होतात. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, बहुतेक वेळा नाही विचारत. काही सरकारं मात्र थोडं थांबतात, तिथे आधी काय चालत होतं ते बघतात. वर्ग हसला, मी शावर्मा जिंकले आणि त्याच तोऱ्यात घरी आले, तर हॉलच्या मधोमध चारूताईची बॅग.

आम्ही इथे आखातात, अब्बासियात राहतो. एका फ्लॅटमध्ये तीन कुटुंबं, सगळी रत्नागिरीकडची. भाडेकरार अब्बांच्या नावावर, म्हणून नियमही अब्बांचे. त्यातला सगळ्यात जुना नियम बॅगेचा. गावाहून कुणीही आलं की त्याच्या बॅगेत अर्ध्या बिल्डिंगची पार्सलं असतात, त्यामुळे ती मगरिबची नमाज झाली की हॉलमध्ये सगळ्यांसमोर उघडायची, बॅगवाला घरी असो नसो. कात्री माझी. मी टेप कापते, नावं वाचते, ज्याचं त्याला देते, आणि मग प्रत्येकाच्या पुड्यातलं थोडं थोडं आमच्या किचनमध्ये जातं. कोकम, सुकट, फणसाची साटं. आमच्यासोबत राहणारे साबीरचाचा याला जकात नाका म्हणतात आणि पहिला घास स्वतःच उचलतात. मला हे काम इतकं आवडतं की ती कात्री मी कुणाच्या हाती लागू देत नाही.

डिसेंबरात शेजारच्या फ्लॅटमधलं कुटुंब कायमचं गावी गेलं. त्यांची आमच्या भिंतीला लागून असलेली खोली अब्बांनी घेतली, बिल्डिंगच्या हारिसला, म्हणजे रखवालदाराला, सांगून मधलं कुलूपबंद दार उघडून घेतलं आणि खोली चारूताईला दिली. चारूताई नाशिकची, एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. ती राहायला यायच्या आधीच आमचे नियम तिच्या दाराला चिकटवून झाले होते. चपला कुठे काढायच्या, किचन कधी वापरायचं, आणि बॅग.

आजची बॅग तिचा मावसभाऊ नचिकेत सोडून गेला होता. तो मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत आहे, कालच सुट्टीवरून परतला. चारूताई ड्यूटीवर, म्हणून त्याने ती अम्मीकडे दिली. त्या बॅगेत कुणाचंही पार्सल नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. जानेवारीत चारूताईची आई गेली. तिला रजा मिळाली नाही, जाता आलं नाही. बहिणीने आता आईच्या वस्तू पाठवल्या होत्या. गच्चीवर कपडे वाळत घालताना ती मला म्हणाली होती, "बॅग आली की मी दार लावून एकटीच उघडणार आहे, फरहत. नंतर दोन दिवस माझ्याशी बोलू नकोस."

आणि इथे साबीरचाचा प्लेट घेऊन बसलेले. नाशिकचा चिवडा येणार म्हणून.

अब्बा नमाज पढून आले. म्हणाले, "फरहत, कात्री आण. ती येईपर्यंत वाटून ठेवू."

मी कात्री आणली. पण दिली नाही.

"अब्बा, चारूताईला कुणी विचारलं होतं का?"

"काय विचारायचं?"

"हा नियम तिला चालेल का, ते."

"खोली आपण घेतली ना? मग नियम आपलाच."

साबीरचाचा म्हणाले, शाळेत वकिलीचा तास सुरू झालेला दिसतो. अम्मीने मला हळू बोल म्हणून डोळ्यांनीच दटावलं. पण माझ्या कानशिलांना चटके बसत होते. आमची पार्सलं एकमेकांच्या बॅगांतून येतात, म्हणून आम्ही हॉलमध्ये उघडतो. त्यात लपवण्यासारखं काही नसतं. चारूताईचं कुणाशी काय मिसळलेलं आहे? भिंतीतलं एक दार काय उघडलं, आमचा नियम चपला न काढता आत शिरला. हे सगळं मी भडाभडा बोलले. अब्बांनी ऐकून घेतलं, आणि मग शांतपणे म्हणाले की एकीला सूट दिली की उद्या प्रत्येक जण मागेल; ती आपल्या किचनमधलं कोकम खाते तेव्हा कुणी वेगळं धरतं का?

मग बॅगेत काय आहे ते मी सांगून टाकलं.

साबीरचाचांनी प्लेट खाली ठेवली. अम्मी डोक्यावरची ओढणी सारखी करत राहिली.

"मग तिने सांगायचं होतं," अब्बा म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"कुणाला? दारावरच्या कागदाला?"

अब्बांनी हात पुढे केला. "कात्री दे इकडे. बॅग इथेच राहू दे. ती आली की तिच्यासमोर उघडू."

म्हणजे सगळ्यांसमोरच. तिने आईची साडी हातात घ्यायची, आणि आम्ही बघत बसायचं.

मी कात्री युनिफॉर्मच्या खिशात घातली. बॅगेचा दांडा ओढला, चाकं खडखडवत ती चारूताईच्या खोलीत नेली, पलंगाशी उभी केली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. मग त्या दाराला पाठ लावून खाली बसले.

"अम्मी, अब्बा, दोघंही ऐका," मी म्हणाले. "ही बॅग मी कापणार नाही आणि दुसऱ्या कुणाला कापू देणार नाही. चारूताई येईपर्यंत मी इथून उठत नाही. जूनमध्ये आपण गावाहून आलो की आपल्या लोकांची पार्सलं मीच वाटेन, नेहमीसारखी, हॉलमध्ये. पण या दाराच्या आतला नियम चारूताई सांगेल तो. माझं ठरलंय."