अथेन्सच्या साथीचं पान

मित्रांनो, मी कळव्यातली एक जुनी, नाडीने बांधलेली फाईल. माझ्या पोटात ग्रीस आणि रोमची माणसं आहेत. कुणी पत्र लिहिलेलं, कुणी भाषण केलेलं, कुणी थडग्याच्या दगडावर दोन ओळी कोरलेल्या. पंढरी सरांनी इंग्रजीवरून हे सगळं मराठीत आणलं, डोंबिवलीतल्या कॉलेजच्या मुलांसाठी.

सर गल्लीतल्या देवळात कीर्तनही करतात. तिथली शिस्त त्यांनी वर्गात आणली: आधी मूळ अभंग, मग निरूपण. म्हणजे आधी त्या काळच्या माणसाचे शब्द, मग सरांचं बोलणं. ते ऐकताना वर्ग कसा डोलायचा, काय सांगू! अठरा वर्षं मी हातोहात फिरले. माझ्या झेरॉक्स निघाल्या, माझं कौतुक झालं.

यंदा सरांच्या वर्गातल्या मेघनाने प्राचीन अथेन्समधल्या रोगाच्या साथीवर निबंध लिहिला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा, शेवटच्या दिवशी चार वाजेपर्यंत द्यायचा. सगळा निबंध माझ्यातल्या एका वाक्यावर उभा होता: ‘आया लेकरांना कुशीत घेऊन देवाचा धावा करीत होत्या.’

त्या दिवशी दुपारी ती धापा टाकत वर्गात आली. “सर, हे वाक्य इंग्रजीत कुठेच नाहीये. मी तीनदा शोधलं.”

“अगं, सोड ना,” तिच्या बाकावरचा साकेत म्हणाला. “परीक्षक काय ग्रीसवरून येणारेत?”

सरांनी मला उघडलं. इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवलं. बराच वेळ बोट फिरवलं, मग चष्मा काढला.

“मेघना, हे माझं आहे गं. आख्यानात रंग भरायची सवय. हात वाहवत गेला.”

माझी तर नाडी आवळल्यासारखी झाली. अठरा वर्षांची माझी इभ्रत! सर गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण त्यांनी लाल पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं.

“आणि माझा निबंध?” मेघनाचे डोळे भरले.

“खालची ओळ वाच. मोठ्याने.”

तिने वाचलं: “जे या दुखण्यातून उठले, त्यांनाच आजाऱ्यांची आणि मरणाऱ्यांची सर्वांत जास्त कणव येई.”

“हे लिहिणारा ग्रीक इतिहासकार स्वतः त्या साथीतून उठलेला माणूस,” सर हळूच म्हणाले. “एवढं गोड त्याने दिलेलं, आणि मी वर साखर घालत बसलो.”

मेघनाने डोळे पुसले आणि तिथेच खाली बसून शेवटची दोन पानं नव्याने लिहिली. निबंध पावणेचारला गेला. बक्षिसाचं अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, माझी पानं पिवळी पडलीत, कोपरे दुमडलेत. मला जपून हाताळा. समासात खुशाल शंका लिहा, चूक दिसली तर सरांनाही विचारा. कारण अडीच हजार वर्षांपूर्वीचा माणूस आता उठून ‘मी असं म्हणालो नव्हतो’ असं सांगू शकत नाही. त्याच्या वतीने ते म्हणणारी एक तरी मेघना प्रत्येक वर्गात असू दे, एवढंच देवाजवळ मागणं.