माझ्या मशीनवर चालतं
अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती आमची लायब्ररी माझ्या विंडोजवर बिनबोभाट तयार व्हायची. टेस्टरबाईंच्या लिनक्सवर आणि साहेबांच्या मॅकवर मात्र तिचं बिल्ड, म्हणजे कोडपासून ती तयार करणं, आपटायचं. तीन दिवस मी दोघांनाही तावातावाने ऐकवत होतो, "तुमची मशीनंच धड नाहीत."

चौथ्या दिवशी बाई माझ्या खुर्चीत बसल्या आणि बिल्डचा लॉग, म्हणजे त्याची पायरीपायरीची नोंद, वरपासून वाचू लागल्या. मी तो कधी वाचलाच नव्हता. शेवटची 'यशस्वी'ची हिरवी ओळ दिसली की मी चहाला जायचो.

"सर, तुमच्याकडेही काही तयार होत नाहीये. चार वर्षांपूर्वी तुम्ही तयार करून ठेवलेली लायब्ररीची जुनी फाइलच उचलली जातेय."

मी ताठ मानेने ती फाइल उडवली. तिन्ही मशीनवर एकच एरर आली, माझ्याच कोडच्या सतराव्या ओळीत.

मशीनं तिन्ही धड होती.