गोधडीखालचा आवाज

आर्विड एका वाक्याच्या ऐन मध्यात होता आणि कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला.

"घ्या!" माईक टेबलावर आपटत तो म्हणाला. "माझ्याआधी यानंच मान टाकली."

"शुभ बोल की जरा!" व्हर्ना नवऱ्यावर करवादली, पण तिच्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

परवा आर्विडच्या घशाचं ऑपरेशन. कॅन्सरपायी स्वरयंत्रच काढणार, म्हणजे आवाज कायमचा जाणार. त्याआधी या जुनाट कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये ठरलेली वाक्यं वाचून ठेवायची. मग पुढे तो जे टाइप करेल ते यंत्र त्याच्याच आवाजात बोलणार होतं. अजून ढीगभर वाक्यं बाकी होती, आणि हा डबा चार वाक्यं झाली की तापून गप्प! तसा आर्विड जन्मात कधी फारसं बोललाच नाही. व्हर्नानं जीव ओतून काही रांधावं, तर बशी पुसून खायचा आणि म्हणायचा, "वाईट नाही." पण हे वाचन अपुरं राहिलं, तर ते 'वाईट नाही' सुद्धा पुन्हा ऐकायला मिळणार नव्हतं.

शेवटी तिनं ऑरिनला फोन केला. ऑरिन म्हणजे गोठलेल्या तळ्यावर आर्विडशेजारी मासे धरत बसणारा त्याचा जुना दोस्त. तो आला, बर्फाचे बूट दारात काढले, कॉफीला दोनदा रीतसर नको म्हणाला, तिसऱ्यांदा कप घेतला आणि डब्याचं झाकण उघडलं.

"अगं व्हर्ना, आत अख्खं मांजर पाळलंयस की काय?"

धुळीनं पंखा पार गुदमरला होता. दाबून भरलेल्या हवेच्या डबीनं त्यानं धूळ उडवली. मग प्रोसेसरवरचा जाड धातूचा ठोकळा सोडवला. "हे बघ. प्रोसेसर म्हणजे याचं डोकं. डोक्याचा ताप या ठोकळ्यात उतरायचा, तर मधलं मलम वाळून पार खपली झालंय." त्यानं खपली स्पिरिटनं पुसली, वाटाण्याएवढं नवं मलम घातलं, ठोकळा घट्ट बसवला. डबा सुरू झाला. पडद्यावर तापमानाचा आकडा शहाण्यासारखा खाली बसला. व्हर्नाला वाटलं, ऑरिनच्या पायाच पडावं.

आर्विड वाचायला बसला. व्हर्नानं नेहमीप्रमाणे त्याची मांडामांड करून दिली आणि ऑरिनला स्वयंपाकघरात नेऊन केक वाढला. आतून आर्विडचा आवाज येत होता. आणि मग यायचा थांबला.

"पुन्हा मेलं!" आर्विड ओरडला.

ऑरिन तडक आत गेला आणि कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. डब्याला वरपासून खालपर्यंत जाडजूड गोधडी गुंडाळलेली होती.

"हे कुणी केलं?"

"मी," दारातून व्हर्ना म्हणाली. "पंख्याची घरघर आवाजात येते ना. प्रोग्राम सारखा म्हणतो, पुन्हा वाचा, पुन्हा वाचा. म्हणून पहिल्या दिवसापासून झाकते."

"बाहेर उणे तीस आहे म्हणून काय कॉम्प्युटरलाही हुडहुडी भरते होय गं!"

आर्विड खो खो हसत सुटला. व्हर्नाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती गोधडी चर्चमधल्या बायकांनी आर्विडसाठी शिवली होती. आजारी माणसाला त्या शिवतातच, एकेका गाठीला एकेक प्रार्थना म्हणत. आणि तीच घेऊन आपण त्याचा आवाज गुदमरवत होतो!

"रडतेस काय? उघडा ठेवला तर घरघर, झाकला तर ताप, एवढंच ना?" ऑरिननं गोधडी ओढली आणि माईकसकट आर्विडच्याच डोक्यावर घातली. "डबा उघडा, म्हातारा झाकलेला! हा घे टॉर्च, हा घे वाक्यांचा कागद. व्हर्ना, तू बटण दाब."

आणि जमलं की! ना घरघर, ना ताप. आर्विड आतून वाचत राहिला, व्हर्ना बटणं दाबत राहिली. ऑरिनचे आभार मानायला गेली तर तो म्हणाला, "मी काय केलं? मलम लावलं," आणि बूट घालून निघून गेला. त्याच्या गाडीकडे बघत ती देवाला म्हणाली, असा दोस्त दिलास, आणखी काय मागू?

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं वाक्य झालं. गोधडीतून आवाज आला, "आता एक माझं घे. बटण दाब आणि तू जा स्वयंपाकघरात."

"मी का जाऊ?"

"जा म्हणतो ना!"

ती गेली.

ऑपरेशन झालं. आर्विड घरी आला, गळ्याला पट्टी, खांद्यावर गोधडी. जेवण झाल्यावर त्यानं व्हर्नाला हाताला धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. डबा उघडाच घरघरत होता. त्यानं बटण दाबलं.

"व्हर्ना," त्याचाच आवाज, थोडा दबका, "तोंडावर बोलणं मला जमत नाही, म्हणून पांघरुणातून बोलतोय. तुझ्या हातचं उत्तम असायचं. रोजच. तू होतीस म्हणून माझं सगळं चांगलं झालं. फार उपकार आहेत गं तुझे."

आर्विड खाली मान घालून बसला होता. व्हर्नानं गोधडीचा कोपरा ओढून डोळे पुसले.

"वाईट नाही," ती म्हणाली. "पुन्हा लाव."