खुब्याचा आळ

पुण्याच्या डॉक्टरांनी कुशाबाईला कृत्रिम खुबा बसवला तेव्हा बजावलं होतं, जमिनीवर बसायचं नाही, फार वाकायचं नाही, नाहीतर सांध्याच्या वाटीतला गोळा निसटेल. गावी, लोणीला, घरी आल्यावर भिमाजीने बायकोसाठी उंच खुर्ची करून घेतली आणि सुताराला ती पुन्हा पुन्हा ठोकून बघायला लावली. म्हातारा मुळातच संशयी. दूध उतू गेलं तरी त्याला त्यात कुणाचा तरी हात दिसे.

दीड महिन्यात गोळा निसटलाच. भिमाजी कांद्याच्या शेतातून आला, तर कुशाबाई जमिनीवर विव्हळत पडलेली, पाय आत वळलेला. घरात सून साधना एकटीच.

"थोरले मामंजी येऊन गेले, त्यांचा कप विसळत व्हते मी," ती रडत म्हणाली. "आवाज आला म्हणून धावले, तर आई खाली."

कुशाबाईला विचारलं तर ती एवढंच म्हणे, "सरकला पाय."

पुण्याला नेल्यावर डॉक्टरांनी भूल देऊन गोळा जागेवर बसवला. भिमाजीच्या डोक्यातला किडा मात्र वळवळतच राहिला. खुर्चीतलं माणूस आपसूक खाली येतं होय? त्याने खुर्चीचे पाय हलवून पाहिले, फरशीला तेल लागलंय का म्हणून बोट फिरवून पाहिलं. त्यात त्या दिवशी येऊन गेलेला त्याचा थोरला भाऊ सावळेराम म्हणाला, "सुनंवर नजर ठेव. म्हातारीचं करून कट्टाळली असंल."

झालं. साधनाने दिलेलं पाणीसुद्धा भिमाजी हुंगून पिऊ लागला. भोसरीला नोकरी करणाऱ्या सुनीलला, आपल्या मुलाला, त्याने फोनवर सांगून टाकलं, "रविवारी ये आन् बायकोला माहेरी पोचव. माझा तिच्यावर इश्वास नाय." साधनाने ते ऐकलं आणि सासूकडे पाहिलं. सासूने मान खाली घातली.

रविवारी साधनाची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. सुनील गाडी बघायला स्टँडवर गेला होता. तेवढ्यात अंगणातून सावळेरामचं खाकरणं ऐकू आलं. कुशाबाईने पदर पुढे ओढला आणि खुर्चीतून खाली घसरू लागली. साधनाने धावत जाऊन तिला काखेत धरलं.

"काय करतीस?" भिमाजी ओरडला.

"थोरलं भावजी आलं," कुशाबाई पुटपुटली. "त्यांच्याम्होरं खुर्चीत बसू व्हय?"

लग्न झाल्यापासून ती थोरल्या दिरासमोर कधी उंचावर बसली नव्हती. भिमाजीलाच काय, घरात सगळ्यांनाच हे इतकं सवयीचं होतं की ते कुणाला दिसतच नव्हतं.

"त्या दिशीबी अशीच उतरली व्हतीस?"

"बसले तवा काय नाय झालं. ते गेल्यावर उठाया गेले, न् कटकन वाजलं."

"मंग बोलली का नाय?"

"भावजींच्या नावावर कसं घालू?"

भिमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिराच्या नावाला जपता जपता तिने सुनेचं नाव जाऊ दिलं होतं, आणि ते मातीत घातलं होतं त्याने स्वतः.

सावळेराम उंबऱ्यावरूनच मागे वळला.

"थांबा दादा," भिमाजी म्हणाला. "आत या. ती खुर्चीतच बसंल. आन् सुनबाईबद्दल आपण जे बोललो, ते दोघांनी तिच्याम्होरं मागं घ्यायचं."

साधनाने कुणाकडेच पाहिलं नाही. सासूच्या काखेतले हात तसेच ठेवून ती म्हणाली, "ते मागनं बोला. आधी आईंना वर घ्याया हात लावा."