नितळलेल्या बाटल्या

"म्हैस तोंड लावत नाही त्या पाण्याला, आणि तुम्ही अख्ख्या शहराला पाजता!" बायकोनं हातातलं दावं खाली आपटलं.

चावीवाल्यानं दावं उचलून खुंटीला अडकवलं. तलावाच्या भिंतीवरचं चावीचं मोठं चाक फिरवून खालच्या शहराला पाणी सोडायचं, ही त्याची सव्वीस वर्षांची नोकरी, म्हणून गाव त्याला चावीवालाच म्हणायचं. समोरच्या डोंगरावर दोन वर्षांपूर्वी खाण निघाली. तेव्हापासून सुरुंग उडाले की ओढा तांबडालाल होऊन तलावात उतरायचा. काठावरच्या वावरांत त्या गाळाचा थर बसला होता, त्यात गवतसुद्धा धरत नव्हतं.

"आपली लेक शहरात तेच पिते. सातवा महिना चाललाय तिला," बायको म्हणाली. "मूग गिळून किती दिवस बसणार? जा, साहेबाच्या कानावर घाला."

गेला बिचारा. इंजिनीअर साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला, सगळं ऐकलं आणि एक फाइल पुढं सरकवली.

"दर सोमवारी तपासणीला बाटली जाते. खाण निघाल्यापासून एकशे चार सोमवार झाले, रिपोर्ट सगळे चांगले. बाटल्या कोण भरतं?"

"मीच, साहेब."

"मग आता पाणी खराब कसं म्हणतोस?"

चावीवाल्याला आपल्या बाटल्या आठवल्या. नोकरीला लागला तेव्हा त्याची गढूळ बाटली एकदा परत आली होती, आणि कारकुनानं चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली होती. तेव्हापासून तो पाणी रविवारीच भरून फळीवर ठेवायचा. सोमवारी गाळ तळाला बसलेला असायचा. मग वरचं नितळ पाणी फडक्यातून गाळून धुतलेल्या बाटलीत ओतायचा. कुणाला बोट ठेवायला जागा नको, एवढाच त्याचा हिशेब. त्या बाटल्यांचा त्याला अभिमानही होता.

त्यानं हे सांगितलं, तसा साहेबानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अरे बाबा, काय केलंस हे! या रिपोर्टांवरच खाणीला उरलेला डोंगर मिळाला. परवाच सही झाली."

"मग आता खरी बाटली देतो की, साहेब!"

"दे ना. खाणवाले म्हणतील, चावीवाल्यानं माती कालवली. आधीच्या बाटल्यांचं सांगितलंस तर पहिला तूच घरी बसशील. तुझ्या जागी येणाऱ्याला सांगतील तशी बाटली तो भरेल. वरती मीही लिहून पाहतो, पण माझं कोण ऐकतंय?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, शहराच्या पाण्याची वेळ झाली, तरी चावीवाला चाकापाशी नुसता उभा होता. हात उचलेना. बारा वाजता लेकीचा फोन आला.

"बाबा, आज पाणी नाही आलं? घरात तांब्याभरसुद्धा नाही."

"पोरी, हे पाणी पिऊ नकोस. खाणीची घाण आहे त्यात."

"उकळून घेते मग."

"उकळून जाणारी नाही ती."



"मग कुठलं पिऊ, बाबा? अख्ख्या गल्लीला एवढाच नळ आहे. विकतचं रोज कुठून आणू?"

सव्वीस वर्षांत कधी नाही ते त्याला रडू फुटलं.

"सोडतो," तो म्हणाला, आणि चाकाला दोन्ही हात घातले.