दारामागचा खिळा

“काय घेतलं त्यांनी?” डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“काही नाही घेतलं.”

“हे बघा काका, घरात भांडण झालं असेल तर झालं. आम्हाला त्याच्याशी देणंघेणं नाही. बाटलीवर काय लिहिलं होतं, तेवढं सांगा.”

“भांडण नाही हो झालं. सकाळी तिने मला डबा भरून दिला.”

शेजारच्या वहिनींचा फोन आला, तेव्हा मी एका वाचनालयाच्या तळघरात वाळवीचं औषध मारत होतो. पाठीवरचा पंप उतरवला, कपडे बदलले, हातपाय साबणाने धुतले आणि मग निघालो. इतक्या वर्षांची सवय. त्या धुण्यात दहा मिनिटं गेली.

बायको दवाखान्यातल्या खाटेवर होती. घामाने चादर भिजली होती. तोंडातून लाळ येत होती, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. पोटरीचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं. ही लक्षणं मला पाठ आहेत. मी कीडनियंत्रणाच्या कंपनीत आहे आणि नवीन माणसं आली की त्यांना तक्ता दाखवून हेच शिकवतो. घाम, लाळ, उलटी, बारीक बाहुली, धाप. म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. एकोणीस वर्षं शिकवलं, पण प्रत्यक्ष पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मी तिचा हात हातात घेतला. कोरड्या हवेत तिच्या बोटांना नेहमी भेगा पडायच्या, तशा तेव्हाही होत्या. हात नाकाजवळ नेला आणि तो वास आला. साबणाच्या वासाखालून येणारा, उग्र. मास्कमधूनही मी तो ओळखतो.

तेव्हा मला पिशवी आठवली.

“कपडे,” मी म्हणालो. “तिने माझे कामाचे कपडे धुतलेत. प्यायली नाही, अंगाला लागलंय. आधी तिला साबणाने धुवा. केससुद्धा. आणि तुम्ही हातमोजे घाला.”

डॉक्टरीणबाईंनी ओरडून दोन नर्सना बोलावलं. तिचे कपडे कापून काढले, तिला धुतलं, सुयांवर सुया दिल्या. दुपारभर ती थोडी सावरल्यासारखी वाटली. पाचच्या सुमाराला श्वास थांबला, तो परत सुरू झाला नाही.

“सकाळीच कळलं असतं तर...” बाई म्हणाल्या.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक मोरी. मोरीला खिडकी नाही, वरती हातभर झरोका आहे. घराचं दार उघडलं की दारामागे भिंतीत एक खिळा. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात तो मीच ठोकला. वाकडा गेला, म्हणून ती हसली होती. “झुरळं मारणाऱ्याच्या हातून खिळा काय सरळ जाणार!” त्या खिळ्याला मी संध्याकाळी कामाच्या कपड्यांची पिशवी अडकवायची, आणि दुसऱ्या दिवशी मी गेल्यावर तिने ते धुवायचे. यावर आमच्यात कधी बोलणं व्हायचं नाही. खिळ्यावर आहे म्हणजे धुवायचं आहे.

खरं तर कपडे कामावरच धुवायचे असा नियम आहे. मशीन आहे तिथे. पण त्यातून कपडे निघतात ते मळकटच. तिला ते आवडायचं नाही. “लोकांच्या घरात जाता तुम्ही. मळका माणूस बघून लोक म्हणतील, हाच एक मोठा किडा आला.” मग मी तिला नियम लावून दिले. कामाच्या कपड्यांना वेगळी बादली. घरचं काही त्यात घालायचं नाही. हातमोजे घालायचे. हातमोजे तिने दोन दिवस वापरले.

“अहो, साबण निसटतो त्यात. आणि बोटांना कळत नाही मळ निघाला की नाही ते.”

“अगं, ते औषध आहे.”

“मग माझं खोबरेल आहे ना रात्री लावायला. आणि जगाची झुरळं मारता, आपल्या मोरीतलं एक मरत नाही. एवढं काय कडक असणार तुमचं औषध!”

मी हसलो होतो. तेव्हा ओरडायला हवं होतं.

कंपनी दर सहा महिन्यांनी आमचं रक्त तपासते. विष अंगात साचतंय का ते त्यात कळतं. विषाने रक्तातला एक घटक कमी होतो, त्याचा आकडा खाली आला की माणसाला काही आठवडे फवारणीवरून काढून दुसरं काम देतात. माझा आकडा नेहमी चांगला. घरी येऊन मी तिला अभिमानाने सांगायचो. माझे कपडे हाताने चोळणाऱ्या बाईचं रक्त तपासावं, हे ना कंपनीला सुचलं ना मला.

आदल्या दिवशीची गोष्ट अशी. औषध पाण्यात मिसळताना मापाचं भांडं कलंडलं आणि निखळ औषध माझ्या मांडीवर सांडलं. मी जे शिकवतो तेच केलं. ताबडतोब विजार काढली, पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने मांडी धुतली, दुसरे कपडे घातले. निखळ औषध सांडलेला कपडा धुवायचा नसतो. तो टाकून द्यायचा. त्यासाठी झाकणाचं पिंप आहे. पण त्याला कुलूप होतं आणि किल्ली मुकादमाकडे. मुकादम निघून गेले होते.

विजार मी दोन पिशव्यांत गाठ मारून बांधली. ठरवलं, उघड्यावर ठेवायला नको, घरी नेऊ आणि सकाळी परत आणून पिंपात टाकू.

घरी पोचलो तेव्हा ती फोनवर लेकीशी बोलत होती. लेक दुसऱ्या गावात नोकरीला आहे. मला बघून म्हणाली, “आले बघ, मास्तर आले. शाळा सुटली.” आणि मला खुणेने बसा म्हणाली. मी चप्पल काढली, दार लावलं आणि हातातली पिशवी खिळ्याला अडकवली.

बस, एवढंच. विचार असा काही केला नाही. हाताला सवय होती, हाताने केलं. मग लेकीशी बोललो, जेवलो. सकाळी वाचनालय लांब होतं म्हणून लवकर निघालो. दार उघडलं की खिळा दारामागे जातो.

गाठ तिने दातांनी सोडवली असेल का, असं मला कधी कधी वाटतं. तिला ती सवय होती. डाग तेलकट, म्हणून गरम पाणी घेतलं असणार. बादलीत पाणी गरमच होतं, असं वहिनी म्हणाल्या. दार लावलेली मोरी आणि त्यात ती वाफ.

शवविच्छेदनाच्या कागदावर लिहून आलं आहे की विषबाधा कपड्यांतून झाली. पण आमच्या गल्लीत कागद कोण वाचतो! दुकानात मी गेलो की बोलणं थांबतं. वहिनींनी एकदा विचारलंच, “भावजी, तुमच्यात काही नव्हतं ना?”

लेक दहा दिवस राहिली. जायच्या आदल्या दिवशी भांडी पुसता पुसता तिने विचारलं, “बाबा, खरं सांगा. आईने काही घेतलं नव्हतं ना?”

“नाही गं. कपडेच धुतले तिने.”

“मग तिला कळलं कसं नाही? एवढी वर्षं धुतेय, वास नाही आला? तुम्ही इतकं सांगायचात, हातमोजे घाल, हातमोजे घाल. ऐकायचीच नाही कुणाचं.” आणि ती रडायला लागली. “स्वतःच्याच हट्टाने गेली ती.”

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तोंड उघडलं होतं. शब्दही तयार होते. पण तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि मी गप्प राहिलो.

कामावर आता मी फवारणी करत नाही, फक्त शिकवतो. तक्त्याखाली फळ्यावर एक ओळ मी स्वतः खडूने लिहिली आहे : कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. पिंपाची दुसरी किल्ली मुकादमांकडून मागून घेतली. ती माझ्या गळ्यात असते. मागच्या सोमवारी एका नव्या माणसाने हात वर केला.

“मास्तर, एक विजार घरी नेल्याने काय होतंय? झालंय का असं कुणाच्या घरी?”

“झालंय.”

“कुणाच्या?”

“माझ्या,” मी म्हणालो. “पिशवी मीच नेली होती. खिळ्याला मीच अडकवली.”

मी तक्ता गुंडाळला आणि सगळ्यांना हात धुवायला पाठवलं.

अकरा अनोळखी माणसांना सांगून झालं. लेक दर रविवारी फोन करते, जेवलात का विचारते, आईच्या हट्टीपणावर अजून चिडते. तिला सांगायचं राहिलं आहे.